व्यवहारदृष्टी : नव्या खतावणीचे बासन

पूर्वी पेढीवरील रोजमेळ आणि खतावणी लाल कापडाच्या बासनात बांधून ठेवण्याची रीत होती. आज ती खतावणी लॅपटॉपमध्ये गेली आहे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. अशी जोखीम पाठीवर घेऊन आपली मुले मीरा रोडहून काळबादेवीला, डोंबिवलीहून मशीद बंदरला रोज लोकलने ये-जा करतात. म्हणून लॅपटॉपच्या केसचा विचार शोभेची वस्तू म्हणून न करता मालाचे वेष्टन म्हणून करावा.

प्रवासात लॅपटॉपला दोन निरनिराळे धोके असतात : आपट आणि दाब. आपट सोसण्यासाठी फोमचे अस्तर लागते. फोममुळे पडणारी वस्तू एकदम न थांबता किंचित सावकाश थांबते. थांबण्याचा वेळ वाढला की यंत्रावर येणारे बल कमी होते. दाबापुढे मात्र मऊ फोमचे फारसे चालत नाही. गाडीतल्या गर्दीचा भार थेट पडद्यावर येतो, आणि चार्जर त्याच कप्प्यात कोंबलेला असेल तर सगळा भार एका ठिकाणी एकवटून काच तडकते. त्यासाठी एका बाजूला तरी ताठ पत्रा किंवा कडक कवच हवे. रोज लोकलने जाणाऱ्याने दोन्ही गुण असलेली केस घ्यावी आणि चार्जर वेगळ्या कप्प्यात ठेवावा.

दुकानात केस हाती आली की प्रथम तिचे कोपरे आणि तळ अंगठ्याने दाबून पाहावेत. लॅपटॉप पडतो तो बहुधा कोपऱ्यावर, आणि स्वस्त केसमध्ये अस्तर नेमके तेथेच पातळ असते. बॅग घेत असाल तर लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या तळापासून थोडा वर संपतो की नाही, हे पाहावे. अन्यथा बॅग फलाटावर टेकवताच धक्का यंत्राला बसतो. मापाचीही गफलत होते. १५.६ इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते. लॅपटॉपची लांबी, रुंदी आणि जाडी स्वतः मोजून न्यावी. शक्य असल्यास लॅपटॉपच सोबत न्यावा. सैल केसमध्ये यंत्र हिंदकळते, तंग केसमध्ये शिवण उसवते.

कापडाच्या लेबलवर ‘डेनिअर’ असा आकडा असतो. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. आकडा मोठा तितका धागा जाड. डेनिअर समान असल्यास पॉलिएस्टरपेक्षा नायलॉन घर्षणाला सहसा अधिक टिकते. चेन मोठ्या दातांची असावी आणि पट्टा जेथे जोडला आहे तेथे दुहेरी शिलाई असावी. आपल्यापैकी अनेक घरांत चामडे वर्ज्य असते. त्याला पर्याय म्हणून मिळणारे कृत्रिम चामडे कालांतराने दमट हवेत पापुद्र्यांनी सुटू लागते. मुंबईच्या हवेत नायलॉनच बरे.

पावसाळ्यात ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये. कापडातून पाणी न झिरपले तरी चेनमधून आणि शिवणीच्या छिद्रांतून ते आत येते. बॅगेवर वेगळे पावसाळी आवरण घालावे. पाण्याची बाटली आणि ओली छत्री लॅपटॉपच्या कप्प्याजवळ ठेवू नये. लॅपटॉप पूर्ण बंद करूनच केसमध्ये घालावा; चालू यंत्राची उष्णता फोममध्ये कोंडते. गर्दीत बॅग पोटाशी धरावी.

आता किमतीचा हिशेब. समजा, ६०० रुपयांची केस सहा महिन्यांत, म्हणजे कामाच्या १५० दिवसांत फाटली, तर रोजचा खर्च ४ रुपये झाला. १,८०० रुपयांची केस तीन वर्षे, म्हणजे ९०० दिवस टिकली, तर तोच खर्च २ रुपये. महाग वाटणारी वस्तू निम्म्या दरात पडली. मात्र केवळ नावासाठी जादा पैसे मोजू नयेत. वर सांगितलेल्या कसोट्या लावाव्यात.

शेवटी एक सूचना. बँकेत कर्ज देताना आम्ही तारणमालाचे गोदाम भक्कम आहे ना हे पाहत असू आणि विमाही मागत असू, कारण भिंत कितीही जाड असली तरी आगीचा भरवसा नसतो. उत्तम केस आपट सोसेल, पण गाडीत विसरलेली किंवा चोरीस गेलेली बॅग परत आणणार नाही. म्हणून दुकान वाढवताना दररोज हिशेबाची एक प्रत वेगळ्या ठिकाणी, पासवर्ड लावून उतरवून ठेवावी. ती प्रत लॅपटॉपच्याच बॅगेत मात्र ठेवू नये. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवण्याचा तो प्रकार होईल.