भिंत तपासायची, पण दार कोण उघडणार?

२७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे माझगावात, डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ, बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली. ६१ माणसं मेली. ही इमारत कुणा पळपुट्या बिल्डरची नव्हती, शंभर वर्षांची पागडीची चाळही नव्हती. ती मुंबई महानगरपालिकेची होती, साधारण तीन दशकांची होती, आणि तिच्यात पालिकेचेच कर्मचारी बायकामुलांसह राहत होते. म्हणजे घरमालक पालिका, इमारत धड आहे की नाही हे पाहणारी पालिका, दुरुस्ती करायची तीही पालिकेनेच, आणि ढिगाऱ्याखाली गेली ती माणसंही पालिकेचीच. तळमजल्यावरच्या गोदामात झालेल्या फेरफारांवर पोलिसांनी बोट ठेवलं. गोदामाचा भाडेकरू आणि पालिकेचे काही अभियंते-अधिकारी यांना अटक झाली.

इमारत पडली की वर्तमानपत्रं एकच प्रश्न विचारतात, तपासणी करणारे काय झोपले होते? प्रश्न रास्त आहे, पण अर्धवट आहे. झोपणारे झोपतात, पैसे खाणारे खातात, त्यांची बाजू आम्ही घेणार नाही. पण जो माणूस हातोडी आणि वही घेऊन प्रामाणिकपणे जिने चढतो, त्याच्या वाटेत काय काय येतं, हे कुणी विचारत नाही. आमच्या चळवळीतली काही पोरं डिप्लोमा करून याच कामात लागली आहेत. त्यांच्याबरोबर आम्हीही माझगाव, भायखळा, परळच्या चाळींचे जिने चढलो आहोत. जे पाहिलं त्यावरून आमचं मत ठाम झालं आहे. घराची तपासणी दारापाशी अडते, आणि हे दार भीतीने बंद असतं किंवा जातीने.

आधी काम काय असतं ते समजून घेऊ. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे ३० वर्षं उलटलेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायची असते. तपासणीनंतर इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे धोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. यातलं एक अक्षर माणसाला घरात ठेवतं, दुसरं रस्त्यावर आणतं.

हे अक्षर ठरवायला आत शिरावं लागतं. माझगावच्या जुन्या इमारती लाकडी सांगाड्याच्या आणि विटांच्या आहेत. तिथे तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं ती जागा बघावी लागते. ओल आणि वाळवी तिथूनच लागते. ही जागा नेमकी मोरीच्या, स्वयंपाकघराच्या, मागच्या संडासांच्या अंगाला असते. सिमेंटच्या इमारतींचं दुखणं वेगळं. बंदराची खारी हवा आणि गळतं पाणी आत मुरलं की सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की काँक्रीटचे पापुद्रे सोडते. हातोडीने वाजवून आवाज ऐकायचा, यंत्राने ध्वनिलहरी सोडून काँक्रीट आतून कसं आहे ते पाहायचं, गरज पडली तर नळीसारखा तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबायचा, अशा परीक्षा आहेत. पण पिलरवर खांद्यापर्यंत टाइल्स आणि स्लॅबखाली पीओपीचं छत असेल, तर हातोडी वाजवायची कुठे? तळमजल्यावरच्या गाळ्याचं शटर खाली असतं. किल्ली शेठकडे, शेठ गावाला. दुपारी घरात एकटी बाई असते, ती परक्या पुरुषाला आत घेत नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. चाळीस खोल्यांच्या चाळीत पंचवीस खोल्या पाहून झाल्या तरी दिवस बरा गेला म्हणायचं. उरलेल्या खोल्यांपुढे अहवालात एक ओळ येते, 'पाहणी करता आली नाही.'

त्या एका ओळीत काय काय दडलेलं असतं ते आता सांगतो.

आमचा एक कार्यकर्ता एका इमारतीत तपासणीला गेला होता. दार उघडलं, पाणी आलं, आणि पाण्याबरोबर आडनावही विचारलं गेलं. आडनाव सांगितल्यावर बाहेरच्या खोलीची भिंत दाखवली. स्वयंपाकघराकडे वळला तर उत्तर मिळालं, तिथे देवघर आहे, तिथलं सगळं ठीक आहे, बाहेरूनच लिहून घ्या. बाहेरच्या खोलीच्या छतावर ओलीचा डाग आतून बाहेर येत होता, म्हणजे बघायची जागा आतच होती. त्याने वाद घातला नाही. रोजच्या कामात किती ठिकाणी वाद घालणार? वहीत तीच ओळ लिहिली आणि वरच्या मजल्यावर गेला. दुसऱ्या एका ठिकाणी तर सोसायटीच्या माणसाने मालकाकडे निरोप पाठवला की उद्या 'दुसरा कुणी' पाठवा. हा शिकलेल्या, परीक्षा पास झालेल्या पोराचा अनुभव. प्लास्टर फोडायला त्याच्याबरोबर येणाऱ्या मजुराला तर आडनावही विचारत नाहीत, त्याला गृहीतच धरतात.

लोक आम्हाला म्हणतात, तुम्ही सगळीकडे जात आणता. आम्ही कुठे आणतो? ती उंबऱ्यावर आधीच बसलेली असते. तुळईला गोत्र नसतं. जी तुळई तपासू दिली नाही ती पडली तर देवघरासकट पडेल, आणि खालच्या मजल्यावरच्या, ज्यांनी दार उघडलं होतं त्यांच्याही डोक्यावर पडेल. सोवळ्याची किंमत शेजाऱ्याने जिवाने मोजायची, हा कुठला न्याय?

पण दुसरं दार आमच्याच माणसांचं आहे, आणि तेही बंद असतं. ते भीतीने बंद असतं. या भीतीला इतिहास आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, तेव्हा तपासणी पथकं घरोघर फिरली. रोगी सापडला की त्याला इस्पितळात न्यायचे आणि घरातलं सामान बाहेर काढायचे. लोक रोगी लपवू लागले. त्यानंतर १८९८ ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. गलिच्छ वस्त्या पाडून चांगली घरं बांधणं हा त्याचा हेतू. पण घरं ज्या वेगाने पाडली त्या वेगाने बांधली नाहीत, आणि ज्यांची पाडली ते पुढच्या कोंदट खोलीत जाऊन राहिले. त्याच ट्रस्टच्या चाळी म्हणजे आपल्या बीआयटी चाळी. परळच्या अशाच चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची कित्येक वर्षं काढली. तपासायला आलेला माणूस म्हणजे उठवायला आलेला माणूस, हे समीकरण मुंबईच्या कष्टकऱ्याने तेव्हापासून मनाशी बांधलेलं आहे.

आणि आजही ते खोटं पडत नाही. माझगावच्या ताडवाडीतल्या बीआयटी चाळींमधली माणसं इमारत धोकादायक म्हणून माहुलला पाठवली गेली. माहुल म्हणजे रिफायनऱ्यांच्या कुशीतली वसाहत. जिथे राहायला गेलं की खोकला लागतो आणि कामाची जागा कोसावर जाते. तानसा जलवाहिनीलगतच्या विस्थापितांच्या प्रकरणात २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने माहुलची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं आणि पर्याय म्हणून महिना १५,००० रुपये भाडं द्यायला सांगितलं. तो आदेश त्या प्रकरणापुरता होता. पण ताडवाडीतल्या बाईला विचारा, तपासनीस आला तर पिलरची भेग दाखवशील का? ती भेगेसमोर कपाट सरकवते. ती अडाणी म्हणून नाही, तिला हिशेब पक्का कळतो म्हणून. भेग दिसली तर सी-१, सी-१ झालं तर माहुल. भेग दिसली नाही तर निदान पोरांची शाळा वाचते.

पालिकेच्या वसाहतींत तर आणखी एक गाठ आहे. सफाई कामगाराची खोली नोकरीला बांधलेली असते. नोकरी संपली की खोली गेली. ज्याच्याकडे तक्रार करायची तोच मालक आणि तोच साहेब. मग तक्रार करतो कोण? बाबू गेनू मंडईच्या इमारतीकडे या नजरेनेही बघा.

तिसरी अडचण पैशाची. तपासनिसाची फी बहुतेक वेळा मालक देतो. मालकाला जागा मोकळी हवी असली की अहवाल सी-१ चा येतो. मग भाडेकरू वर्गणी काढून दुसरा इंजिनिअर आणतात, त्याचा अहवाल सी-२बी चा. दोन अहवाल जुळले नाहीत की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. तोवर पावसाळा येतो. दोघांपैकी एक खोटं लिहितो असंच नसतं. कधी दोघंही प्रामाणिक असतात, एकाने पंचवीस खोल्या पाहिलेल्या असतात, दुसऱ्याने वेगळ्या पंधरा. पण रहिवाशाच्या लेखी एक मालकाचा आणि एक आपला. जिथे तपासनीस कुणाचा तरी असतो तिथे सत्य कुणाचंच राहत नाही.

काही सुशिक्षित मित्र म्हणतात, आधी माणसं बाहेर काढा, हक्काचं नंतर बघू, जीव महत्त्वाचा. जीव महत्त्वाचा हे आम्हाला शिकवू नका, ढिगाऱ्यातून निघणारे मृतदेह आमच्याच माणसांचे असतात. पण ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडली आणि ३३ जण गेले. ती आधीच धोकादायक ठरलेली होती. काही कुटुंबं हलली होती, काही राहिली होती. नोटीस भिंतीवर चिकटते, माणूस घराला चिकटतो. त्याला हक्काचा कागद आणि जवळचं छप्पर दिल्याशिवाय तो सुटत नाही. म्हणून हक्क नंतर बघायची गोष्ट नाही. माणसं वेळेत बाहेर निघावीत म्हणूनच हक्क आधी हवा.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये झरियाच्या कोळसा खाणींवर गेले. ते स्वतः खाणीत उतरले आणि मजूर राहतात त्या जागाही पाहिल्या. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ ला, कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचं कार्यालय सुरू झालं. कारखान्यांतल्या सुरक्षिततेबाबत सरकारला सल्ला देणं आणि निरीक्षकांना शिकवून तयार करणं हे त्याचं काम. यातून आम्ही घेतलेला धडा असा की तपासणी हा मालकाचा अधिकार नाही, छपराखाली राबणाऱ्याचा आणि राहणाऱ्याचा हक्क आहे. कारखान्याचा निरीक्षक कारखानदाराने नेमलेला चालत नाही, मग घराचा तपासनीस घरमालकाने नेमलेला कसा चालतो?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. फी पालिकेकडे जमा व्हावी आणि इंजिनिअर यादीतून चिठ्ठी टाकून नेमावा. पालिकेच्या स्वतःच्या इमारती पालिकेबाहेरच्या तज्ज्ञांनी तपासाव्यात. प्रत्येक पथकात एक स्त्री असावी. अहवाल मराठीत, खोलीवार, प्रत्येक रहिवाशाच्या हातात पडावा, आणि जी खोली पाहता आली नाही तिच्यापुढे कारण लिहावं. गाळा बंद होता की घरमालकाने अडवलं, की आडनाव ऐकून आत घेतलं नाही, जे असेल ते लिहावं. इमारत रिकामी करायच्या आधी प्रत्येकाच्या खोलीचं मोजमाप करून सहीशिक्क्याचा कागद द्यावा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच म्हटलेलं आहे. तो हक्क कागदावर उतरवायला पालिकेला जड का जावं? आणि पर्यायी जागा किंवा भाडं याच ई वॉर्डात मिळावं, जिथून पोरं त्याच शाळेत आणि आईबाप त्याच कामावर जातील.

शेवटी आपल्या माणसांनाही दोन शब्द. सरकारला बोल लावताना आपणही आपला आरसा बघू. पोटमाळा वाढवताना, मोरी सरकवताना, मधली भिंत पाडताना आपण कुणाला विचारलं? तळमजल्यावरच्या दुकानदाराने पिलर तासला तेव्हा सगळी चाळ गप्प का बसली? भेगेसमोरचं कपाट बाजूला करा. भेग दाखवा, फोटो काढा, तारीख लिहा, आणि अहवालाची प्रत मागा. दाखवलेली भेग आपला पुरावा होते. लपवलेली भेग मालकाच्या कामी येते.

डॉकयार्ड रोडला गेलेल्या ६१ जणांसाठी दर सप्टेंबरला मेणबत्त्या लावल्या जातात. आम्हीही लावतो. पण मेणबत्ती विझल्यावर पुढच्या पावसाळ्याआधी आपल्या चाळीतली किती दारं उघडली, हे मोजायला हवं. ते मोजायचं काम आपलं आहे.

जय भीम.