‘इन्सिन्युएट’ला मराठीत काय म्हणावे?

एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत ‘सूचित केले आहे’ हे क्रियापद फार दिसते. कवी सूचित करतो, कथाकार सूचित करतो, नाटकातला कारस्थानी मामाही सूचितच करतो. इंग्रजीतील ‘सजेस्ट’, ‘हिंट’, ‘इम्प्लाय’ आणि ‘इन्सिन्युएट’ या सर्वांना आपण एकाच पंक्तीत बसवले आहे. पहिल्या तिघांचे त्यात फारसे बिघडत नाही. चौथ्याचे बिघडते.

‘इन्सिन्युएट’च्या मुळाशी लॅटिनमधला वळणाचा, बाकाचा अर्थ आहे, वाकड्या वाटेने आत शिरणे. त्यात सूचकता असतेच, पण कोणाविषयी तरी वाईट असते आणि ‘मी तसे म्हणालोच नव्हतो’ अशी पळवाटही असते. आनंदवर्धनाचा ध्वनी येथे उपयोगी पडत नाही. ध्वनी हा त्याच्या मते काव्याचा आत्मा. कवी तो कशाला नाकारील? या क्रियेचे नाते काव्यशास्त्रापेक्षा स्वयंपाकघराशी अधिक जवळचे आहे. ‘लेकी बोले सुने लागे’ या म्हणीत तिची सारी रचना आली. सुनेने तोंड उघडले, की सासू विचारणार, ‘तुला कोण बोलले?’

सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ (१९०७) या दृष्टीने पुन्हा वाचावे. कथा महाभारतातली. १९०५ साली पद सोडून गेलेल्या कर्झनचे नाव त्यात कोठेही नाही. तरीही प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, सैरंध्रीत पारतंत्र्यातला देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. १९१० मध्ये मुंबई सरकारने नाटकावर बंदी घातली. त्याच वर्षीच्या व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात ही सारी फोड छापून आली. म्हणजे येथे सुनेने तोंड उघडले! कीचक म्हणजे आमचा व्हाइसरॉय, हे वाक्य खाडिलकरांच्या संहितेत नाही; ते इंग्रजांच्या बाजूने उच्चारले गेले. परस्त्रीवर हात टाकणाऱ्या कीचकाशी आपल्या माणसाचे साम्य त्यांनाच मान्य करावे लागले.

मग खाडिलकरांनी काय केले? चिरोल म्हणणार ‘इन्सिन्युएट’. नाट्यगृहात टाळ्या देणारा म्हणणार ‘ध्वनित’. कोणते क्रियापद वापरायचे, हे आपण कोठे बसलो आहोत यावर ठरते. ‘सूचित’ लिहिणारा विद्यार्थी ही बाजू घेण्याचेच टाळतो. ‘हे राजकीय रूपक आहे’ असे लिहून मोकळे होणेही मला पटत नाही. त्याने नाटककाराची पळवाट आपणच बुजवतो, आणि भीमही नुसता पक्षाचा प्रतिनिधी होऊन बसतो.

सातारा-सांगलीकडे ‘आडून बोलू नकोस, सरळ बोल’ असे सहज म्हणतात. ‘इन्सिन्युएट’ला हे ‘आडून बोलणे’ मला सर्वांत जवळचे वाटते. परीक्षेच्या भाषेत ते गावरान वाटेल, वाटू दे. ‘टोमणा मारणे’ मात्र नको. टोमणा मारणाऱ्याला तो कोणी मारला हे समोरच्याला कळायलाच हवे असते.