घरात टेबल नाही, म्हणून हलका लॅपटॉप

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की दरवर्षी तोच प्रश्न कानावर येतो. ‘मुलीला बीसीएला घातलंय, चाळीस हजारांत चांगला लॅपटॉप कुठला?’ ‘पोराला डिप्लोमाला प्रवेश मिळाला, दुकानदार म्हणतो मोठ्या स्क्रीनचा घ्या, काय करू?’ विचारणारे कधी नात्यातले असतात, कधी मोहल्ल्यातले, कधी वाचक. एखाद्या मॉडेलचे नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण अलीकडे मीच त्यांना उलट विचारतो, मूल अभ्यासाला बसणार कुठे?

या प्रश्नाने लोक गोंधळतात. लॅपटॉपचा आणि बसण्याच्या जागेचा काय संबंध? माझ्या मते सगळा संबंध तिथेच आहे. आपल्याकडे हलका, पातळ लॅपटॉप म्हणजे साहेब लोकांची चैन समजली जाते. विमानाने फिरणाऱ्यांनी तो घ्यावा, आपण आपला ‘दणकट’ घ्यावा, असा समज आहे. मला हे साफ उलटे वाटते. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे, टेबल-खुर्ची आहे, त्याचा लॅपटॉप अडीच किलोचा असला तरी काही बिघडत नाही. ज्याच्या घरी टेबल नाही, हलक्या लॅपटॉपची खरी गरज त्यालाच आहे.

मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, सोलापूर, परभणी, कुठेही जा. आपली कितीतरी घरे एका-दोन खोल्यांची आहेत. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच पाहुणे, तिथेच अम्मीची शिलाई मशीन आणि तिथेच लहान भावंडांचा सबक. मालेगाव-भिवंडीत शेजारच्या गाळ्यातले पॉवरलूम रात्री उशिरापर्यंत थांबत नाहीत. अशा घरातली मुलगी घरात अभ्यास करूच शकत नाही. ती कॉलेजच्या लायब्ररीत बसते, पालिकेच्या अभ्यासिकेत बसते, नाहीतर दुपारी खालाच्या घरी जागा असते तिथे जाते. म्हणजे तिचा लॅपटॉप रोज खांद्यावरून जाणार आणि खांद्यावरूनच परत येणार.

‘स्टुडंट लॅपटॉप’ म्हणून दुकानात पुढे केले जाणारे १५.६ इंची यंत्र साधारण १.६ ते १.८ किलोचे असते. गेमिंगवाले सव्वादोन-अडीच किलोचे, आणि त्याचा चार्जर वेगळा अर्ध्या किलोचा. याउलट १३ किंवा १४ इंची यंत्र १.२ ते १.४ किलोत मिळते. ते टाइप-सी चार्जरवर चालणारे असेल तर तोच चार्जर बहुतेक फोनलाही चालतो. ज्याला गाडीतून जायचे आहे त्याला हा फरक जाणवणार नाही. पण बॅगेत पुस्तके, डबा आणि पाण्याची बाटली आधीच आहे, शेअर रिक्षात ती बॅग मांडीवर घ्यायची आहे किंवा लोकलच्या लेडीज डब्यात दोन्ही खांद्यांवर पेलत उभे राहायचे आहे, तिथे एक किलो म्हणजे फार झाले.

जड लॅपटॉपचे पुढे काय होते, तेही सांगतो, कारण मी ते बऱ्याच घरांत पाहिले आहे. पहिले पंधरा दिवस मुलगी तो रोज नेते. मग पाऊस लागतो, खांदा दुखतो, ‘रोज कशाला नेतेस, पडेल-बिडेल’ असे अम्मी म्हणते. लॅपटॉप घरी राहू लागतो, आणि घरी राहिलेला लॅपटॉप हळूहळू भावाचा होतो. मुलगी संध्याकाळी येते तेव्हा त्यावर सिनेमा नाहीतर क्रिकेटची मॅच सुरू असते. यात भाऊ वाईट आहे असे नाही. घरात जे पडून असते ते सगळ्यांचे होते, आणि सगळ्यांचे म्हटले की आपल्या घरांत ते आधी मुलग्यांचे होते. मग मुलगी प्रोजेक्ट फोनवर करते, पीपीटी मैत्रिणीकडून करून घेते. घरच्यांच्या हिशोबी मात्र ‘तिला लॅपटॉप घेऊन दिलाय’ अशी नोंद झालेली असते.

स्वस्त आणि हलके यंत्र गरीब मुलांना द्यावे, हा विचार नवा नाही. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या मोहिमेचा भारतातला सुरुवातीचा प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका लहान गावच्या शाळेत झाला. ते यंत्र सुमारे दीड किलोचे होते. त्याच वर्षी असुसचा सात इंची ‘ईई पीसी’ आला, वजन एक किलोहूनही कमी. २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आकाश’ टॅबलेट आणला. २०२३ मध्ये ९९० ग्रॅमचा जिओबुक १६,४९९ रुपयांना बाजारात आला, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज. हे सगळे प्रयत्न चांगल्या हेतूने झाले असतील. पण हलकेपणा आणि किंमत साधताना यंत्राची ताकद कमी केली, तर ते कॉलेजच्या अभ्यासाला अपुरे पडते. गरिबाला ‘गरिबापुरते’ यंत्र द्यायचे ही रीत मला मान्य नाही. हलका हवा, स्वस्त हवा आणि पुरेसाही हवा. तसा मिळतो, फक्त दुकानदाराच्या काउंटरवर नव्हे तर स्वतःच्या कागदावर हिशोब मांडावा लागतो.

पुरेसा म्हणजे किती? बीए, बीकॉम, बीएस्सी, बीसीए, डीएड, नर्सिंग, एमपीएससीची तयारी, ऑनलाइन लेक्चर, ‘स्वयम्’वरचे कोर्स, एक्सेल, थोडे कोडिंग, एवढ्यासाठी ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी पुरते. ४ जीबीचा नवा लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. ‘ईएमएमसी’ नावाचे ६४ जीबी स्टोरेज असेल तर तोही टाळावा, विंडोजचे अपडेटच त्यातली जागा खाऊन टाकतात. सेलेरॉन प्रोसेसरची जुनी यंत्रे अजून विकली जातात, त्यांच्यापासून दूर राहावे. इंटेल कोअर आय३, आय५ किंवा रायझन ३, ५ एवढे बघावे, पण नुसत्या नावावर जाऊ नये. रायझन ३ ७३२०यू हा प्रोसेसर २०२२ मध्ये आला, त्याच्या आतला आराखडा मात्र २०१९ मधल्या ‘झेन २’चा आहे. साध्या कामाला तो चालतो, पण ७००० चा आकडा पाहून फार नवे काही घेतले असे समजू नये. अशा काही स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून ‘रॅम पुढे वाढवता येईल का?’ हे पैसे देण्याआधी विचारावे.

आर्किटेक्चर, अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी डिझाइन शिकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ग्राफिक्स कार्डाचे जड यंत्र लागते आणि त्यांनी ते घ्यावे. पण बीकॉमच्या मुलाला ‘फ्यूचर प्रूफ’ म्हणून गेमिंग लॅपटॉप गळ्यात मारणे हा त्याच्या बापाच्या पैशांवर अन्याय आहे.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. त्यांना दोन लिप्या लागतात, देवनागरी आणि नस्तालीक. विंडोजमध्ये मराठीचे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात, उर्दूचा कीबोर्ड मिळतो आणि ‘उर्दू टाइपसेटिंग’ हा नस्तालीक फॉन्टही मिळतो. लिनक्सवर ‘नोटो नस्तालीक उर्दू’ मोफत टाकता येतो. म्हणजे त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. मात्र उर्दू डीटीपी करून शिक्षणाचा खर्च काढायचा असेल तर इनपेज लागेल, आणि इनपेजसाठी विंडोज. टॅली शिकणाऱ्यांनाही विंडोजच लागते.

आता किमतीकडे येऊ. नवा, सव्वा किलोचा आणि ताकदीचा लॅपटॉप चाळीस हजारांत मिळणे अवघड आहे. म्हणून मी बहुतेकांना कंपन्यांनी वापरून काढलेल्या, दुरुस्त केलेल्या यंत्रांकडे पाठवतो. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात. लेनोव्होचा थिंकपॅड एक्स२८०, डेलचा लॅटिट्यूड ७३९०, एचपीचा एलिटबुक ८३० जी५ ही तशी यंत्रे आहेत. तिन्ही सव्वा किलोच्या आसपासची, उत्तम कीबोर्डची. नवी होती तेव्हा ती मोठ्या साहेबांची यंत्रे होती. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही मोठ्या शहराच्या कॉम्प्युटर बाजारात ती नव्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतात.

पण इथे फसवणूकही होते, म्हणून काही गोष्टी तपासाव्यात. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. ‘आय५-८२५०यू’ असे लिहिले असेल तर आडव्या रेघेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. तिथे ६ किंवा ७ असेल तर ते यंत्र स्वस्तात का काढले जात आहे हे समजून जावे. लिनक्स वापरणार असाल तरच ते घ्यावे. बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता पडताळून पाहावी, आणि नव्या बॅटरीसाठी काही हजार बाजूला ठेवावेत. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, हे दुकानातच सुरू करून बघावे. वॉरंटी काही महिन्यांचीच असली तरी लेखी घ्यावी. आणि जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, चोरीच्या मालाचा प्रश्न उद्या मुलीच्या दारात यायला नको.

‘जुना घेतला तर लोक काय म्हणतील?’ असेही मला विचारले जाते. लोक लग्नाच्या दावतीतली बिर्याणी मोजतात, प्रोसेसरची पिढी मोजत नाहीत.

मग येतो हप्त्याचा प्रश्न. आपल्यातले कितीतरी जण व्याज नको म्हणून ‘नो-कॉस्ट ईएमआय’ घेतात आणि समाधानाने झोपतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली ग्राहकावर टाकले जाते. आजच्या योजनांत बहुधा व्याजाइतकी सूट आधी दाखवतात आणि बँक हप्त्यात व्याज लावतेच. कार्डावरच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क वेगळे. हे जायज की नाजायज, ते मी सांगणार नाही, तो आलिमांचा विषय आहे. पण ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांनी निदान ते कुठे लपले आहे ते पाहावे. आपल्या बायकांची भिशी या बाबतीत जास्त सरळ आहे. पंधरा-वीस हजारांचा जुना लॅपटॉप भिशीतून किंवा नात्यातल्या कर्ज-ए-हसनातून घेता येतो. साठ हजारांचा नवा घेता येत नाही, म्हणून माणूस हप्त्याच्या दारात जातो.

ज्यांना तेही जमत नाही, त्यांच्यासाठी जमातीचे ट्रस्ट आणि बैतुलमाल आहेत. रमजानमध्ये जकात गोळा होते, त्यातून फी भरली जाते, वह्या वाटल्या जातात, ते चांगलेच आहे. पण आज लॅपटॉपशिवाय कॉलेजचे शिक्षण अर्धे राहते. काही ट्रस्ट लॅपटॉप देतात ते ‘वापरायला’, वर्षानंतर परत घेण्याच्या अटीवर. देणगीच्या पैशातून हे ठीक आहे. जकातीच्या बाबतीत मात्र हनफी फिकहमध्ये तमलीक आवश्यक मानली आहे, म्हणजे पात्र गरजूला त्या वस्तूचे मालक करावे लागते. मला या अटीत फार मोठे शहाणपण दिसते. दिलेली वस्तू घेणाऱ्याची झाली पाहिजे. मुलीला लॅपटॉप दिला तर तो तिचा. तिच्या अब्बांच्या नावावर नाही, भावाच्या ताब्यात नाही.

हीच अट घरात विकत घेतानाही लागू करावी असे मी म्हणतो. बिल मुलीच्या नावाने करा. पासवर्ड तिचा तिला ठेवू द्या. दुकानात तिला सोबत न्या, पाच मिनिटे तिच्या बॅगेत तो ठेवून चालायला सांगा, कीबोर्डवर चार ओळी मराठीत आणि चार उर्दूत टाइप करू द्या. मोठा स्क्रीन, झगमगते दिवे आणि ‘घरात सगळ्यांना होईल’ हा विचार बाजूला ठेवा. सगळ्यांसाठी घ्यायचाच असेल तर डेस्कटॉप घ्या, तो स्वस्तही पडतो.

या महिन्यात ठिकठिकाणी गुणवंतांच्या सत्काराचे कार्यक्रम होतील. शाली, ट्रॉफ्या, बॅनर आणि हॉलचे भाडे यांचा खर्च एकदा कागदावर मांडून पाहा. त्यातून किती दुरुस्त केलेले, सव्वा किलोचे लॅपटॉप येतात ते मोजा. आणि पहिला लॅपटॉप त्या मुलीला द्या, जिच्या घरी अभ्यासाला जागा नाही.