दोष कापणाऱ्याचाच का?

गेल्या वर्षीचा आपला वार्षिक अंक हातात आला तेव्हा मुखपृष्ठाच्या उजव्या कडेला पांढरी रेघ दिसत होती. आत एका कवितेच्या ओळींची शेवटची अक्षरे कापली गेली होती. "छापखानेवाल्यांनी घाण केली!" असा निकाल आपण कट्ट्यावर बसूनच देऊन टाकला. मीही तिथे होते. माझे वडील छापखान्यात कटिंग मशीनवर असतात, त्यामुळे चूक कुठे झाली ते मला पाहताक्षणी कळले होते. पण मी गप्प बसले. वडिलांचे काम सांगायची लाज वाटली, हे आज कबूल करते.

मित्रहो, अंक नेमक्या मापाच्या कागदावर छापत नाहीत. मोठ्या कागदावर छापतात, घड्या घालतात, पिना मारतात आणि मग तीन बाजूंनी कापतात. गठ्ठ्यातला कागद केसभर सरकतोच. पावसाळ्यात तर तो हवेतली ओल पिऊन फुगतो. म्हणून पानाच्या कडेपर्यंत जाणारा रंग कापणीच्या रेषेवर थांबवायचा नसतो, तीन मिलिमीटर पुढे न्यायचा असतो. याला ब्लीड म्हणतात. ए-फोर पान २१० × २९७ मिलिमीटरचे. त्याची फाईल २१६ × ३०३ ची करावी. मजकूर मात्र रेषेच्या आत, निदान पाच मिलिमीटर. पिना मारलेल्या अंकाची मधली पाने घडीमुळे बाहेर डोकावतात आणि जास्त कापली जातात, तिथे आणखी जागा ठेवावी. आपल्या देवनागरीची तर वेगळीच गोम! वरचे अंतर शिरोरेषेपासून मोजून भागत नाही; तिच्यावर वेलांट्या, मात्रा, रफार असतात.

आणि आपण काय करतो? मोबाईलवर पडद्याच्या मापाचे चित्र करतो, नाव कडेला खेटून बसवतो (पडद्यावर ते छानच दिसते) आणि रात्री अकराला पाठवून देतो. आता रेघ जावी म्हणून आत कापले तर अक्षर जाते, अक्षर राखले तर रेघ राहते. कापणाऱ्याने करावे काय?

दोन वर्षांपूर्वी एका निमंत्रणपत्रिकेत पाहुण्यांच्या आडनावाचे शेवटचे अक्षर असेच गेले. फाईलमध्ये ते रेषेवरच होते. पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या आणि निम्म्या कागदाचे पैसे वडिलांच्या पगारातून वळते झाले. त्या महिन्यात माझी फी उसनवारीने भरली. फाईल करणाऱ्याला कुणी एका शब्दाने विचारले नाही. तो शिकलेला होता ना!

छापखान्याने फाईल तपासायला नको का, असे कुणी म्हणेल. हवीच. पण प्रूफ आपल्याकडेही येते, आणि गेल्या वर्षी त्यावर न पाहताच सही झाली होती.

संपादक मंडळाला माझे सांगणे एवढेच की, यंदा काम सुरू करण्याआधी छापखान्यातून माप लिहून आणावे आणि आपल्यापैकी चार-पाच जणांनी एकदा कापणी उभे राहून पाहावी. मुखपृष्ठाची फाईल पाठवण्यापूर्वी एक रात्र मी घरी नेईन म्हणते. वडिलांना दाखवायची आहे. मंडळाची हरकत नसावी.