‘कौटुंबिक’ या विशेषणाविषयी

समीक्षेतील काही विशेषणे वर्णन केल्याचा आव आणतात आणि प्रत्यक्षात निकाल देऊन मोकळी होतात. ‘कौटुंबिक’ हे त्यांपैकी एक. कौटुंबिक कादंबरी, कौटुंबिक नाटक असे म्हटले, की ती कृती सौम्य, बेताची आणि म्हणून दुय्यम, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक मला एका अनपेक्षित ठिकाणी तपासून पाहावेसे वाटते: अमेरिकेतील टेनेसी राज्यात, डॉलीवूड उद्यानातल्या ‘बिग बेअर माउंटन’ या रोलर कोस्टरवर.

१२ मे २०२३ रोजी सुरू झालेल्या या कोस्टरची लांबी ३,९९० फूट, कमाल वेग ताशी ४८ मैल, आणि उंची जेमतेम ६६ फूट. गाडी कुठेही उलटी होत नाही. ३९ इंच उंचीच्या मुलालाही तीत बसता येते. त्याच उद्यानातील २०१६ सालच्या ‘लाइटनिंग रॉड’चा वेग ताशी ७३ मैल, तिथे किमान ४८ इंच उंची लागते. शौकिनांच्या तराजूत नवा कोस्टर हलका ठरणार, हे उघड आहे.

परंतु त्याची रचना पाहा. पारंपरिक कोस्टरमध्ये साखळी गाडीला शिखरापर्यंत ओढून नेते, आणि पुढचा सारा प्रवास त्या एका चढणीच्या पुंजीवर चालतो. गुस्ताव फ्रायटागने १८६३ मध्ये मांडलेल्या नाट्यरचनेसारखाच हा आराखडा: आरोह, उत्कर्षबिंदू, अवरोह. ‘बिग बेअर माउंटन’मध्ये अशी चढण नाही. रुळावरील यंत्रणा गाडीला तीन वेळा वेग देते. पुंजी संपत येते तेव्हा ती पुन्हा भरली जाते. त्यामुळे शिखर न उंचावताही पल्ला वाढवता येतो. इथला सौम्यपणा ही उणीव नसून रचनेची अट आहे, आणि ही रचना त्या अटीतूनच निघालेली आहे.

भय हा भयानक रसाचा स्थायीभाव. निवडक धीटांपुरते ते तीव्र करणे तुलनेने सोपे. नात आणि आजी शेजारी बसल्या असता एकीला ते झेपावे आणि दुसरीला पोरकट वाटू नये, हे अधिक अवघड. दोघी एकाच क्षणी किंचाळतात. कारणे मात्र वेगळी असतात. अशा अनेकस्तरीय आस्वादाचे श्रेय आपण महाकाव्यांना आनंदाने देतो.

यामागे बाजाराचा हिशेब आहे, असा आक्षेप येईल. तो आहेच, सारे कुटुंब आले तर तिकिटेही अधिक खपतात. शिवाय साखळीच्या खडखडाटात शिखराची वाट पाहण्यातली हुरहुर इथे हरवते, हेही मान्य करायला हवे. पण बाजाराचा हेतू सिद्ध झाला म्हणून रूपाचा विचार संपत नाही. तसे असते, तर वर्गणीदारांसाठी क्रमशः लिहिलेल्या कितीतरी कादंबऱ्या आपल्याला अभ्यासक्रमातून वगळाव्या लागल्या असत्या.

वर्गात एखाद्या कृतीवर ‘कौटुंबिक’ असा शेरा मारण्यापूर्वी म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत. तिने किती वेगवेगळ्या वाचकांना एकत्र बसवले? आणि त्यासाठी तिला कोणती रचना शोधावी लागली? तीव्रतेचे माप त्यानंतर काढता येईल. त्या मापालाच समीक्षा समजण्याची आपली सवय मात्र सुटली पाहिजे.