भाकिताचा सोस

वर्षभर एकाच प्रकारचे कौतुक आम्हांला खुपत राहिले. एखादी जुनी विज्ञानकथा कुणाच्या हाती लागते, तिच्यातले यंत्र आज आपल्या घरात दिसते, आणि मग लेखकाला द्रष्टा ठरवून सारे मोकळे होतात. ऑर्वेलला म्हणे पाळतीचे कॅमेरे आधीच दिसले होते, हक्स्लीला सुखाच्या गोळ्या, आणि ई. एम. फॉर्स्टरला तर १९०९ सालीच व्हिडिओ कॉल. वर्षात घडले पुष्कळ. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला आणि जूनअखेर शासनाला निर्णय मागे घ्यावे लागले; सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात उभ्या पिकांचा चिखल केला. त्यांवर आत स्वतंत्र लेख आहेत. या पानावर मात्र त्या कौतुकाविषयीच बोलायचे आहे, कारण सावध करणाऱ्या साहित्याची धार त्याने बोथट होते.

फॉर्स्टरची 'द मशीन स्टॉप्स' ही कथा १९०९च्या नोव्हेंबरात छापून आली. का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून आपल्या या परंपरेचा पाया घातला तेच हे वर्ष. कथेतली माणसे जमिनीखाली षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहतात आणि खाणे-पिणे, संगीत, औषधे सारे काही यंत्र पुरवते. वॅश्टी ही आई पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मुलाशी एका तबकडीवरून बोलते. कौतुक करणारे तबकडीपाशीच थांबतात. तबकडीत आई दिसते पण भेटत नाही, ही मुलाची तक्रार त्यांना ऐकू येत नाही. त्याच्या हट्टापायी वॅश्टी विमानातून निघते, तेव्हा खाली हिमालय पसरलेला असतो. त्यातून काही सुचत नाही म्हणून ती पडदा ओढायला सांगते. तोल जाताना सेविकेने सावरायला हात पुढे केला तर तिला संताप येतो. पुढचा भाग त्याहून भयंकर आहे. संगीतात खरखर येऊ लागते, अंघोळीच्या पाण्याला वास सुटतो; लोक तक्रार करतात आणि काही दिवसांनी त्या खरखरीला, त्या वासाला सरावतात. शेवटी दुरुस्ती करणारी यंत्रणाच नादुरुस्त होते, आणि सगळे यंत्र समजणारा एकही माणूस उरलेला नसतो. एच. जी. वेल्सने रंगवलेल्या एका स्वर्गाला उत्तर म्हणून ही कथा लिहिली, असे फॉर्स्टरने पुढे सांगून ठेवले आहे. म्हणजे त्याचे भांडण त्याच्या काळातल्या भाबड्या आशावादाशी होते. हाच लेखक १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवार महाराजांचा खासगी सचिव म्हणून राहिला, आणि 'अ पॅसेज टू इंडिया'तही माणसे एकमेकांना खरोखर भेटू शकतात का, हाच प्रश्न त्याने धरून ठेवला.

लेखकाला ज्योतिषी केले की आपली सोय होते. भाकीत खरे ठरले म्हणजे ते ठरणारच होते, मग घडले त्याला जबाबदार कुणीच नाही. आपल्याकडे हे व्हावे याचे विशेष दुःख वाटते. २०२५च्या मे महिन्यात गेलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी २००८ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीसह फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांना ओळखायला दिल्या, आणि उत्तरे पाठवणाऱ्या २७ जणांचे यश सरासरी ४६ टक्के भरले. नाणे उडवूनही याहून वाईट हाती लागले नसते. त्याच नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा भविष्याकडे वळतही नाही. पानिपतावर गोळी विश्वासरावांना लागते की तिळभर अंतराने निसटते, एवढ्यावर ती इतिहासाला दुसरी वाट देते. जे झाले ते अटळ नव्हते, हे दाखवण्याचे बळ विज्ञानकथेत आहे, आणि भाकिताच्या कौतुकात नेमके तेच हरवते. यंदापासून आमच्या अंकात राशिभविष्य नाही, त्यामागेही हाच विचार आहे.

यावर कुणी म्हणेल, इशारे देऊन कधी काही बदलले आहे का? बदलले आहे. 'वॉरगेम्स' या १९८३च्या चित्रपटात एक शाळकरी मुलगा घरच्या संगणकावरून अमेरिकेच्या क्षेपणास्त्र यंत्रणेत शिरतो. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो पाहिला आणि असे खरेच होऊ शकते का, हे संयुक्त सेनाप्रमुख मंडळाच्या अध्यक्षांना विचारले. परिस्थिती तुम्हांला वाटते त्याहून वाईट आहे, असे उत्तर आले. १९८४च्या सप्टेंबरात संगणक आणि दूरसंचार सुरक्षेविषयीचा आदेश निघाला. धोका त्या दिवशीचा होता म्हणून प्रश्न विचारावासा वाटला. इशारा लागू पडला की सांगितलेले संकट टळते, आणि टळलेल्या संकटाबद्दल लेखकाला द्रष्टा कोण म्हणणार? खरी ठरलेली भाकिते मोजणारे प्रत्यक्षात न ऐकलेले इशारे मोजत असतात. असे साहित्य विज्ञानाविरुद्ध मन कलुषित करते, हा दुसरा आक्षेपही आम्हांला मान्य नाही. फॉर्स्टरच्या माणसांनी यंत्राची पूजा सुरू केली ती ते समजून घेणे सोडून दिल्यानंतर. विज्ञानावर प्रेम असणाऱ्याला ही कथा अधिक झोंबायला हवी.

या अंकातल्या विज्ञानकथा निवडताना आम्ही एक कसोटी लावली: यंत्र चुकले तर दाद कुणाकडे मागायची, हे कथेतल्या माणसांना ठाऊक आहे का? राबून झिजलेला अंगठा रेशन दुकानातल्या यंत्रावर जुळत नाही आणि म्हातारीला धान्याविना परत जावे लागते, तेव्हा दुकानदार म्हणतो, मशीन घेत नाही, मी काय करू? रांगेतले बाकीचे मुकाट्याने एक पाऊल पुढे सरकतात. नव्या यंत्रांची नुसती यादी देणाऱ्या कथा आम्ही परत पाठवल्या; या रांगेजवळून जाणाऱ्या ठेवल्या. त्या वाचून आम्हांला पत्रे लिहाल तेव्हा हे कधी घडणार, असे विचारू नका. तुमच्या गावात कुठे घडते आहे आणि तिथे दाद कोण घेते, ते कळवा. पुढच्या अंकात ती पत्रे कथांच्या शेजारी छापू.