खारे सोसणारे भात आणि फुटके बांध

जुन्या गोव्याजवळ एला येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते ते तिथल्या कलमांमुळे आणि रोपांमुळे. याच संस्थेने 'गोवा धान १' ते 'गोवा धान ४' अशी खारे सोसणारी भाताची चार वाणे दिली आहेत. त्यांतली पहिली दोन आपल्या जुन्या कोरगुटातूनच निवडून काढलेली आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे आणि तिचे कौतुक व्हायला हवे तेवढे झालेले नाही. पण अलीकडे या कौतुकाच्या पोटातून एक वेगळेच बोलणे आमच्या कानावर येऊ लागले आहे. आता बियाणेच खारे सोसते, मग बांधावर पैसा कशाला ओतायचा? पंचायतीत बसणारे बोलतात, शेती सोडून शहरात आलेलेही बोलतात. या बोलण्यात मोठा धोका आहे, आणि म्हणून हा लेख.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, बँकेतली कारकुनी करणारे. वनस्पतींच्या शरीरात काय चालते हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही, असे कोणी म्हटले तर ते खरेच. तरीही जे जाणकारांनी लिहून ठेवले आहे ते समजून घेण्याइतके गणित आम्हाला येते, आणि हा प्रश्न शेवटी गणिताचाच आहे.

साधे भात जमिनीतला खार साधारण ३ डेसिसायमनपर्यंत निमूट सहन करते. हे खारेपणा मोजायचे माप. पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यावरून ते काढतात. त्यापुढे प्रत्येक डेसिसायमनमागे उत्पन्न सुमारे १२ टक्क्यांनी घटते. म्हणजे ६ वर गेलात की एक तृतीयांशाहून अधिक पीक गेले, ८ वर गेलात की निम्म्याहून अधिक. प्रयोगशाळेत रोपांची परीक्षा बहुधा १२ वर घेतात. आणि समुद्राचे पाणी? सुमारे ५०. खारे सोसणारे वाण ही वजाबाकी हळू करते, थांबवत नाही. पन्नासाचा आकडा सोसणारे भात आजवर कोणी केलेले नाही.

हे वाण खारे सोसते म्हणजे नेमके काय करते, तेही पाहण्यासारखे आहे. मिठातले सोडियम मुळांवाटे वर चढते आणि पानांत साठून पाने करपवते. शिवाय झाडाला लागणाऱ्या पोटॅशियमची जागा ते बळकावते. बंगालमध्ये नोना बोकरा नावाचे जुने भात आहे ('नोना' म्हणजे खारट). त्याच्यातले एक जनुक चिनी शास्त्रज्ञांनी २००५ साली शोधून काढले. वर चढणाऱ्या रसातून सोडियम वेचून मुळातच थोपवून धरायचे, हे त्याचे काम. म्हणजे झाडाच्या आतच एक मानस बसवलेली आहे म्हणा ना. केरळच्या पोक्कळीतही खारे सोसण्याची अशीच जुनी ताकद आहे, आणि जगभरचे संशोधक आजही नव्या रोपांची तुलना पोक्कळीशी करतात. काही भाते सोडियम जुन्या, खालच्या पानांत ढकलून कोवळी पाने वाचवतात. या सगळ्याला झाडाची शक्ती खर्च होते. कोरगुट उंच वाढते, आडवे पडते, उतारा कमी देते, अशी तक्रार आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो. पण ज्या पाण्यात जया आणि ज्योती टिकत नाहीत तिथे ते पेजेपुरते तरी तांदूळ देत आले, हे आपण विसरलो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची. भाताचे बी खाऱ्यातही रुजते, फुटवे येतानाही ते बऱ्यापैकी टिकते. पण रोप कोवळे असताना आणि फुलोऱ्याच्या वेळी ते अगदी नाजूक असते. फुलोऱ्यात खारे लागले तर लोंबी उभी दिसते आणि दाणा पोचट निघतो. आता आपल्या खाजनातल्या जुन्या रीतीकडे पाहा. मे महिन्यात जमीन कोरडी, भेगाळलेली ठेवायची. पहिल्या पावसाचे पाणी शेतात कोंडून खार विरघळवायचा आणि ओहोटीला मानशीवाटे बाहेर सोडायचा. असे चार वेळा धुतल्यावर मोड आलेले बी टाकायचे. रोप कोवळे असते तोवर जुलैचा पाऊस त्याला सांभाळतो. मानशीच्या लाकडी झापा भरतीच्या पाण्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. कोणत्याही कृषी महाविद्यालयात शिकवावे असे हे पिकाचे शरीरशास्त्र आहे. पाठ्यपुस्तकात कोरगुट, आसगो, खोचरो ही नावे नसतील, पण पोक्कळीच्या प्रकरणात जे लिहिलेले असते तेच आपला शेतकरी बांधावर उभा राहून करत होता.

आणि म्हणूनच संशोधन व शिक्षण यांच्याविषयी आमचे एक स्पष्ट मत आहे. विद्यार्थी रोपे वाढवतो ती योशिदा द्रावणात, ठरलेल्या मापाचे मीठ घालून, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्यांना एक ते नऊ असे गुण देतो. पद्धत चांगली आहे, तिच्याशिवाय शेकडो वाणांतून दहा निवडता येणार नाहीत. परंतु कुंडीतला खारेपणा स्थिर असतो. खाजनातला खारेपणा सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असतो. ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा दिवस दडी मारली की तो चढतो, उधाणाच्या भरतीला बांध पाझरला की आणखी चढतो. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात खाजनातल्या जुन्या वाणांचा अभ्यास झालेला आहे. केपे तालुक्यातील सुळकर्णे येथे कृषी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना एक संपूर्ण खरीप चोडणच्या किंवा दिवाडीच्या बांधावर का घालवू देऊ नये? मानस राखणारी माणसे आता साठी-सत्तरीला आली आहेत. त्यांच्याकडून शिकायचे ते याच काही वर्षांत.

आता बांधाकडे येऊ. इथे आमचे म्हणणे काहींना कडू लागेल.

गांवकरीच्या काळी बांध ही गावाची सामाईक जबाबदारी होती. त्या व्यवस्थेत अन्याय होता, कुळाला मान नव्हता, हे निर्विवाद. १९६४ साली भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने कुळ कायदा आणला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने शशिकलाताई काकोडकरांच्या काळात कूळ जमिनीचा मालक ठरला. आपल्यातल्या कितीतरी घरांना ताठ मानेने जगता आले ते यामुळे. पण शेत ज्याचे त्याचे झाले, बांध मात्र कोणाचाच राहिला नाही. १९७५ च्या नियमांनी कुळांचे संघ स्थापन करून बांध व मानशी त्यांच्याकडे दिल्या. कागदावर तजवीज नीट होती. प्रत्यक्षात संघाच्या तिजोरीत येणारा मोठा पैसा म्हणजे मानशीतल्या मासळीच्या लिलावाचा. मासळीचा लिलाव घेणाऱ्याला हवे असते खारे पाणी, भात पेरणाऱ्याला हवे असते गोडे. झापा थोडा वेळ जास्त उघड्या राहिल्या की कोणाचा फायदा होतो, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. त्यात मांडवी-झुआरीतल्या खनिजवाहू बार्जेसच्या लाटांनी बांध खचतात ते वेगळेच. जमीन कसणाऱ्याला दिली ते योग्यच झाले. त्याबरोबर बांधाचा हिशेब चोख ठेवणारी व्यवस्था द्यायची राहिली, आणि ती देण्याचे काम त्यानंतरच्या एकाही सरकारने मनावर घेतले नाही.

बँकेच्या टेबलावरून हे आणखी स्पष्ट दिसते. पीककर्ज दिले जाते ते एका नावावर, एका सर्व्हे नंबरवर. बियाणे, खत, मजुरी यांचा दर हेक्टरी हिशेब धरलेला असतो. बांध सामाईक, म्हणून तो कोणाच्याच कर्जात बसत नाही. खातेदार स्वतःचे शेत कितीही चांगले राखो, चार शेते पलीकडे बांधाला भगदाड पडले की त्याचे पीक बुडाले. अल्प मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकले की खाते अनुत्पादक ठरते. खार मात्र दोन हंगामांत धुऊन जाईलच असे नाही, विशेषतः पाणी मे महिन्यात शिरून जमिनीत मुरले असेल तर. अशा खातेदाराला नवे बियाणे हातात ठेवून 'आता काळजी नको' म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा कर्जात लोटणे आहे.

शेत दोन-चार वर्षे खाऱ्यात पडून राहिले की तिथे खारफुटी उगवते. खारफुटीला किनारी नियमन क्षेत्राचे संरक्षण आहे, ते असायलाही हवे. पण मग ते शेत पुन्हा शेत होत नाही. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचे रक्षण करावे असे स्वतंत्रपणे म्हटलेले होते. २०२३ साली भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदाही आला. त्याचे आम्ही स्वागत केले होते. मात्र विकता येत नाही आणि पिकवताही येत नाही, अशी जमीन किती पिढ्या सांभाळायची? सुमारे १८ हजार हेक्टर खाजनाचा हा प्रश्न आहे.

शेजारी पाहा. रायगड-रत्नागिरीच्या खारेपाटात याच अडचणी आहेत. तिथे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने 'पनवेल १', '२', '३' ही वाणे काढली, आणि दुसरीकडे १९७९ साली खारभूमी विकासाचा वेगळा कायदाही केला गेला. तिथले बांधही फुटतात, सगळे आलबेल आहे असे नाही. पण बियाणे एका खात्याचे आणि बांध दुसऱ्या खात्याचे काम आहे, हे निदान मान्य झालेले आहे. ओडिशातल्या जुन्या भातातले पूर सोसणारे जनुक २००६ साली ओळखले गेले आणि २००९ मध्ये 'स्वर्णा-सब१' आपल्या देशात आले. त्याच्याबद्दलही सांगताना मर्यादा सांगतात: पाण्याखाली साधारण दोन आठवडे. मे २०२५ मध्ये केंद्राने जनुक-संपादित 'पुसा डीएसटी राईस १' जाहीर केले, दुष्काळ व खार सोसणारे म्हणून. आपल्या खाजनात ते किती टिकेल हे आपल्याच खाजनात पेरून पाहावे लागेल, दिल्लीच्या घोषणेवरून ठरणार नाही.

तेव्हा आपल्या संस्थेने येत्या वार्षिक सभेत ठराव करावा असे आम्ही सुचवतो. प्रत्येक मानशीजवळ पावसाळ्यात दर आठवड्याला पाण्याचा खारेपणा मोजावा आणि आकडा पंचायतीच्या फलकावर मराठीत लावावा. मापनयंत्र हातात मावणारे असते, ते वापरायला पदवी लागत नाही, आपल्या माध्यमिक शाळेतील मुलेही हे करू शकतील. भगदाड पडल्यास ते पुढच्या उधाणाच्या भरतीपूर्वी बुजवायचे असेल तर निविदा काढत बसता येत नाही. त्यासाठी तालुकावार तातडीचा निधी आधीच बाजूला ठेवलेला हवा. कुळांच्या संघाने मासळीच्या लिलावातला किती पैसा बांधावर खर्च केला, तो हिशेब दरवर्षी सभासदांसमोर मांडावा. आमदारांकडे शिष्टमंडळ न्यायचे असेल तर या तीन गोष्टी घेऊनच जावे, मोघम निवेदन नको.

आणि आणखी एक. कोणाच्या घरी अजून कोरगुट, आसगो किंवा खोचरो यांचे बी राखलेले असेल, त्यांनी सभेला येताना मूठभर बी आणावे, सोबत गाव, शेताचे नाव आणि किती वर्षांपासून पेरतात हे चिठ्ठीवर लिहून. एला येथील संस्थेकडे ते पोचते करण्याची जबाबदारी आम्ही घेतो.